बडोद्याचे नळ आणि ते जोडणारे हात

दांडियाबाजार

गेल्या महिन्यात आमच्या दांडियाबाजारातल्या वाड्याची मागची मोरी उखडावी लागली. भिंतीला ओल धरत होती आणि पाणी कुठून येतंय ते सापडत नव्हतं. दोघं जण बघून गेले, दोघांनीही सगळी फरशी काढायला सांगितली. शेवटी आईच्या वेळेपासून आमच्याकडे येणाऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. वय 74, आता काम मुलगा बघतो. काका आले, चपला दाराशी काढल्या, मोरीच्या कडेला उकिडवे बसले. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक फरशीवर टेकवलं, मुठीकडची बाजू कानाला लावली आणि घरातला पंखासुद्धा बंद करायला लावला. दोन ठिकाणी ऐकलं. तिसऱ्या ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "अहीं."

एकच फरशी काढली. हातभर खाली दोन पाईप शेजारी शेजारी होते. एक लोखंडी, पंचवीसेक वर्षांपूर्वी टाकलेला, त्याच्या आट्यांशी गंज खाऊन बारीक धार लागलेली. दुसरा सांडपाण्याचा जुना बिडाचा पाईप, माझ्या पणजोबांच्या काळातला. त्याच्या सांध्याभोवती करड्या रंगाचं कडं होतं. काकांनी नखाने खरवडलं तर चकचकीत रेघ उमटली. "बेन, आ सीसानो सांधो." म्हणजे शिशाचा सांधा. सांधा कोरडा ठणठणीत होता. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला, सगळीकडून, आणि म्हणाले, ज्याने ठोकलाय त्याचा हात एकसारखा पडलाय बघा, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही.

तेव्हापासून इथे चर्चेचा हा धागा काढायचं मनात होतं.

बडोद्याला पाणी देणारं आजव्याचं धरण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. 1885 मध्ये काम सुरू झालं, 1892 मध्ये पुरं झालं, सयाजी सरोवर असं नाव मिळालं. आराखडा जगन्नाथ सदाशिव हाटे यांचा. सयाजीराव महाराजांचं नाव राहिलं, हाट्यांचंही राहिलं, आणि राहायलाच हवं. त्याआधी हे शहर विहिरींवर, तळ्यांवर आणि वावांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर, जगत होतं. नवलखी वाव तर 1405 सालची. पण धरणापासून शहरापर्यंत आणि मुख्य लायनीपासून आपल्या मोरीपर्यंत पाणी आणलं ते कुणाच्या हातांनी? त्या हातांबद्दल वाचायला गेलं तर फार थोडं सापडतं.

एक गोष्ट मला लक्षात आली. आपल्या बारा बलुतेदारांत लोहार आहे, सुतार आहे, कुंभार आहे. नळवाला नाही. गावगाड्यात त्याची जागाच नव्हती, कारण दाबाखालचं पाणी बंद पाइपातून घराघरात नेणं हेच आपल्याकडे नवीन. मुंबईला विहार तलावाचं पाणी 1860 मध्ये आलं, कलकत्त्याला हुगळीकाठच्या पलत्याचं 1870 मध्ये. म्हणजे आपल्याकडचा हा धंदा जेमतेम दीडशे वर्षांचा. लोहाराची ताकद, तांबटाची झाळणी, गवंड्याची नजर असं सगळीकडचं घेऊन तो उभा राहिला. इंग्लंडात हे फार आधी झालं होतं. लंडनच्या प्लंबरांच्या संघाचे नियम 1365 सालचे आहेत आणि 1611 मध्ये त्यांना राजाची सनद मिळाली. प्लंबर हा शब्दच शिशावरून आलेला, लॅटिनमध्ये शिसं म्हणजे प्लंबम.

आणि नळ आला तेव्हा कुणाचं काम गेलं, तेही लिहायला हवं. पखाल घेऊन येणारा भिस्ती, कावडीने पाणी भरणारा पाणक्या. आमच्या आजीच्या बोलण्यात पाणक्या यायचा. त्याला स्वयंपाकघरापर्यंत यायची मुभा होती आणि दिवाळीला धोतरजोडी मिळायची.

ज्यांच्या घरात, ओळखीत कुणी हे काम केलंय त्यांनी लिहा. हत्यारांची नावं, शब्द, आठवणी, काहीही. मिस्त्रीकाकांकडून मी लिहून घेतेच आहे.

निवृत्त ओव्हरसियर

ताई, उत्तम विषय. पाणीपुरवठ्यात नोकरी झाली, म्हणून थोडी भर घालतो.

आधी एक. शिशाचा सांधा म्हटल्यावर काही जणांना वाटेल की शहराचे पाईपच शिशाचे होते. तसं नाही. मोठ्या लायनी बिडाच्या, फक्त सांधे शिशाचे. बिडाच्या पाइपाचं एक तोंड रुंद असतं, त्यात पुढच्या पाइपाचं बारीक तोंड बसवायचं. मधे फट राहते. त्या फटीत आधी तागाची दोरी पिळून पिळून कोंबायची, जवळजवळ अर्ध्यापर्यंत. मग तोंडाशी ओल्या चिकणमातीचा गळपट्टा करायचा, वर एक छिद्र ठेवायचं आणि तिथून वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं 327 अंशाला वितळतं, कोळशाच्या शेगडीवर होतं. अट एकच, एका दमात ओतायचं. हात थांबला की थर वेगळे पडतात आणि सांधा कायमचा गळका राहतो. थंड झालं की माती काढायची आणि छिन्न्या घेऊन गोल फिरत ठोकायचं, कारण थंड होताना शिसं आकसतं आणि पाइपापासून सुटतं. आधी बारीक छिन्नी, मग जाड. तुमच्या काकांनी अंगठ्याने बघितलं ते हे ठोकणं.

धोका पाण्याचा. सांध्यात चमचाभर पाणी राहिलं असेल तर शिसं पडताक्षणी त्याची वाफ होते आणि ते तोंडावर उडतं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपत असताना रात्री कंदिलाच्या उजेडात हे काम चाले. चष्मे नाहीत, हातमोजे नाहीत. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या जुन्या माणसांत एकाचा डोळा असाच गेलेला होता. त्याला जोडीदार धरून आणायचा आणि तो सांध्यावर नुसता हात ठेवून सांगायचा की कुठे ठोकायचं राहिलंय.

आजव्याची खुबी अशी की पाणी आपोआप येतं. पावसाळ्यात पेपरात "आजवा 212 फूट" अशी बातमी येते ना, ती समुद्रसपाटीपासूनची उंची. आपलं शहर साधारण 129 फुटांवर. वीसेक किलोमीटरच्या वाटेवर घर्षणात थोडं जातं, तरी शहराच्या जुन्या भागापर्यंत पाणी स्वतःच्या वजनाने पोचतं. वाटेत निमेट्याला गाळलं जातं. नंतर शहर वाढलं, तेव्हा मही नदीच्या पात्रातल्या, वाळूतून झिरपलेलं पाणी गोळा करणाऱ्या फ्रेंच विहिरी आल्या: फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा. तिथे पंप लागतात. हाट्यांनी तो उतार मोजला तेव्हा हातात दुर्बीण आणि साखळी होती.

मांडवी ते मकरपुरा

शब्दांबद्दल लिहिते. आपण बडोद्याची मराठी माणसं नळाला चकली म्हणतो. "चकली नीट बंद कर." पुण्याच्या मामेबहिणीला पहिल्यांदा काही कळलंच नव्हतं, तिला फराळाची चकली आठवली. गुजरातीत चकली म्हणजे चिमणी, आणि जुन्या पितळी तोटीकडे बाजूने बघा, चोच दिसते. हातपंपाला डंकी, शोषखड्ड्याला खाळकुवा. आमच्या घरात हे शब्द मराठी वाक्यात इतके मुरलेत की वेगळे काढता यायचे नाहीत.

आणि एक शब्द आपण देशाला दिलाय. न्हाणीघराच्या फरशीत जाळीखाली जे भांडं असतं त्याला सगळ्या हिंदुस्थानात, इंग्रजी कॅटलॉगमध्येसुद्धा, नहाणी ट्रॅप म्हणतात. आपली न्हाणी! केरळात इमारतीवर काम करणाऱ्या माझ्या भावाने सांगितलं, तिथला मल्याळी प्लंबरही नहाणी ट्रॅपच म्हणतो.

कामाटीबाग

धागा चांगला आहे, पण एक बाजू राहतेय. आजीकडचा पाणक्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा, म्हणजे तो कोणत्या जातीचा होता ते वेगळं सांगायला नको. नळ आला म्हणून पाणी सगळ्यांचं झालं नाही. बाबासाहेबांनी लहानपणच्या शाळेची आठवण लिहिली आहे: तहान लागली तरी त्यांनी नळाला हात लावायचा नाही, शिपायाने सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. ती शाळा साताऱ्याकडची. पण 1917 मध्ये याच बडोद्यात, महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून नोकरीला आलेल्या बाबासाहेबांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. ते कामाटीबागेत एका झाडाखाली बसून राहिले. त्या वेळी आजव्याचं पाणी शहरात येऊन पंचवीस वर्षं झाली होती.

नळवाल्याला गावगाड्यात जागाच नव्हती असं ताई म्हणतात, म्हणजे या कामाला जात नाही असं वाटेल. शुद्ध पाण्याच्या पाइपाला नसेल. सांडपाण्याच्या पाइपाला मात्र आहे. चोक झालेलं गटार उघडायला कुणाला बोलावतात? माझे आजोबा या शहरात तेच काम करायचे. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये झाला, दुसरा 2013 मध्ये झाला, तरी मॅनहोलमध्ये माणसं अजून मरतात. आजोबा घरी आले की अंगणात आधी दोन बादल्या अंगावर घ्यायचे, मग आम्हाला जवळ घ्यायचे. त्यांच्या कामाचा इतिहास हा याच धाग्याचा इतिहास आहे.

दांडियाबाजार

कामाटीबाग, तुमचं बरोबर आहे आणि हे माझ्याकडून राहायला नको होतं. पाणक्याबद्दल मी जे लिहिलं ते घरात जसं ऐकलं तसं लिहिलं, त्याला आत घेतलं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी बाहेर ठेवलं होतं हे लिहिताना मनात आलं नाही. आमच्या वाड्याला मागच्या गल्लीत एक बुटकं दार आहे, आता विटांनी बुजवलेलं. ते कशासाठी होतं ते मला लहानपणी कुणी सांगितलं नाही, मोठेपणी कळलं. तुमच्या आजोबांबद्दल अजून लिहाल का? ते कोणतं हत्यार वापरायचे, काम कसं वाटून मिळायचं, सुट्टी असायची का?

कामाटीबाग

हत्यार म्हणजे बांबूच्या चिपा. लांब चिपा एकाला एक तारेने बांधायच्या आणि एका मॅनहोलमधून पुढच्या मॅनहोलपर्यंत ढकलत न्यायच्या. चिप अडली की तिच्या हेलकाव्यावरून समजायचं, पुढे दगड आहे, चिंधी आहे की झाडाचं मूळ. मूळ असलं तर चिप ओढताना लवते आणि परत येते, दगडाला नुसती थडकते. आत उतरण्याआधी झाकण काढून तासभर थांबायचं, जळता कंदील दोरीने खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. हे त्यांना कुठल्या साहेबाने शिकवलं नव्हतं, त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. सुट्टीचं विचारलंत. आजीला विचारून लिहितो.

सुभानपुरा

माझं बांधकामाचं छोटं काम आहे. आज बडोद्यात नव्या इमारतींवर प्लंबिंग करणारी पोरं बघा, बरीचशी ओडिशाची. विचारलं की गाव एकाच जिल्ह्यातलं निघतं, केंद्रपाडा. पट्टामुंडई नावाचं गाव आहे तिथे, त्या परिसरातून दिल्ली, मुंबई, बंगलोर, आखाती देश, सगळीकडे प्लंबर गेलेत. तिथे सरकारी प्लंबिंग संस्थाही आहे. तिकडची जुनी माणसं सांगतात की फाळणीच्या आधी कलकत्त्यात गोऱ्या कंपन्यांच्या हाताखाली त्यांची माणसं हे काम शिकली, आणि फाळणीनंतर तिथले बरेच मुसलमान कारागीर पूर्व पाकिस्तानात गेले तेव्हा ती जागा यांनी भरली. मग एकाने भाऊ आणला, भावाने मेहुणा आणला. असा एक जिल्हाच्या जिल्हा नळकामात आला.

माझ्याकडचा मुख्य कारागीर पंधरा वर्षं बडोद्यात आहे, गुजराती फर्डी बोलतो, आपली मराठी समजते. 2019 च्या पुरात आणि परत 2024 च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा जमिनीखालच्या टाक्या उपसून, धुऊन, क्लोरीन टाकून देण्यात तो आणि त्याची पोरं आठवडाभर झोपली नाहीत. स्वतःच्या खोलीत कमरेएवढा चिखल होता, तो सगळ्यात शेवटी काढला.

पैशाचं खरं दुखणं सांगतो. एका मोठ्या कामावर त्याचं बिल शेवटी अडकलं, का तर गिऱ्हाइकाने ताबा घेतला, सगळं चालू आहे, आता कशाला देतोय. भिंत बंद झाली की प्लंबरचं काम दिसत नाही. रंगाऱ्याचं दिसतं. म्हणून माझ्याकडे मी नियम केलाय, टाइल लागायच्या आधी दाब देऊन तपासणी आणि त्याच दिवशी पैसे.

लेकुरवाळी

एक काळजीचा प्रश्न. आमचं घर रावपुऱ्यात, जुनं आहे. शिशाचे सांधे असतील तर पाणी मुलांना द्यायला सुरक्षित आहे का?

निवृत्त ओव्हरसियर

मुख्य लायनीच्या सांध्यात पाण्याला शिसं लागतं ते बारीक कडेपुरतं, त्याच्या आतल्या बाजूला तागाची दोरी असते. शिवाय वर्षानुवर्षं क्षार बसून आत पापुद्रा धरतो. खरा धोका घरातला नळच शिशाचा असेल तर, किंवा पाण्याचा गुण बदलून तो पापुद्रा विरघळला तर. अमेरिकेत फ्लिंट गावात 2014 मध्ये हेच झालं. पाण्याचा स्रोत बदलला, गंजरोधक द्रव्य घातलं नाही आणि जुन्या पाइपातलं शिसं पाण्यात उतरलं. तुमच्या घरातला मीटरजवळचा पाईप चावीने खरवडून बघा. मऊ असेल आणि चांदीसारखी रेघ उमटली तर बदलून घ्या आणि पाणी तपासून घ्या. मुलांच्या बाबतीत वाट बघू नका.

ज्याला शिशाने खरोखर खाल्लं तो कारागीर. रोमन काळातल्या व्हिट्रुव्हिअसने लिहून ठेवलंय की शिशाचं काम करणाऱ्यांचे चेहरे पांढुरके पडतात, म्हणून पाणी मातीच्या नळातून न्यावं. दोन हजार वर्षांपूर्वी हे माहीत होतं. आमच्याकडचे लोक शिसं ओतून झालं की गूळ खायचे, त्याने धूर उतरतो म्हणून. उतरत नव्हता.

हातोडी छिन्नी

आयटीआयमध्ये प्लंबर ट्रेड शिकवतो. एक वर्षाचा अभ्यासक्रम. सगळे प्रतिसाद मुलांना वर्गात वाचून दाखवले.

आज माझ्या मुलांना शिसं ओतायला लागत नाही आणि ते चांगलंच आहे. पण लोखंडी पाइपाला आटे पाडणं मी अजून हाताने करून घेतो. वाइसमध्ये पाईप धरायचा, डाय लावायची, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, वरून तेल. मागे नाही घेतलं तर कीस अडकून आटे तुटतात. मग सफेदा, म्हणजे आट्यांना लावायचा पांढरा लेप, आणि ताग. ताग आट्याच्या दिशेने गुंडाळायचा, उलटा गुंडाळला तर पाईप कसताना तो सुटून बाहेर येतो. प्लास्टिकच्या पाइपाला नुसतं सिमेंट लावायचं आणि धरायचं, दोन मिनिटांचं काम. त्यामुळे वाटतं की आता कुणीही करेल. तिथेच फसतात. गरम पाण्याच्या लायनीला साधा पीव्हीसी लावतात, तो वाकतो. ट्रॅपला हवेची वाट देत नाहीत, मग वरच्या मजल्यावर फ्लश केलं की खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि घरात घाण वास येतो.

ट्रॅप म्हणजे नळातलं वळण, त्यात जे बोटभर पाणी कायम राहतं तेच गटार आणि घर यांच्यातलं दार. अलेक्झांडर कमिंगने 1775 मध्ये संडासाखाली हे वळण बसवून पेटंट घेतलं. 2003 मध्ये हाँगकाँगला अमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत सार्स या श्वसनरोगाचे तीनशेवर रुग्ण झाले, त्यात न्हाणीघरांतले कोरडे पडलेले ट्रॅप हे एक मोठं कारण निघालं. बंद राहिलेल्या घरात आठवड्याने प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, एवढं सगळ्यांना सांगतो.

आपल्या गावात याची एक चांगली परंपरा आहे. 1890 मध्ये महाराजांनी कलाभवन काढलं, त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर स्वतः सुतार समाजातले, आणि हाताचं काम लोकांच्या भाषेत शिकवायचं हा त्यांचा आग्रह. आज माझ्याकडे अभ्यासक्रमाचं पुस्तक इंग्रजीत येतं. फळ्यावर मी गुजरातीत लिहितो, हत्यार हातात देऊन हिंदीत समजावतो, आणि दोन मराठी मुलं आहेत त्यांना आपल्यात सांगतो. मिस्त्रीकाकांना एक दिवस वर्गावर आणाल का? स्क्रू ड्रायव्हरने ऐकायचं मुलांना शिकायचंय.

दांडियाबाजार

काल मिस्त्रीकाकांना सगळा धागा गुजरातीत सांगत सांगत वाचून दाखवला. दोन तास लागले, मधे दोनदा चहा झाला. वर्गावर यायला तयार आहेत, रविवार सोडून कधीही. ओव्हरसियर साहेब, त्यांनी तुमच्या वर्णनात एक दुरुस्ती सांगितली: गळपट्ट्याची माती नुसती चिकण चालत नाही, उन्हाने तडकते आणि शिसं बाहेर येतं. ते कुंभाराकडून मळलेली माती आणायचे आणि त्यात घोड्याच्या लिदीचा भुगा मिसळायचे. आणि सांधा ओला असल्याची शंका आली तर आधी एरंडेलाचे थेंब टाकायचे, म्हणजे शिसं कमी उडतं.

कामाटीबाग, तुमच्या आजोबांच्या चिपांचं वाचल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, रात्रपाळीला त्या लोकांबरोबर एकाच खड्ड्यावर काम केलंय, पण डबा वेगवेगळा खाल्ला. हे लिहा म्हणाले. म्हणून लिहिलं.

बाराव्या वर्षी ते शेगडीवर हवा मारायला लागले. ज्यांच्या हाताखाली शिकले ते उस्ताद जुन्या शहरातले, त्यांचं नाव मी इथे देत नाही, वहीत लिहून घेतलंय. त्यांच्या तीन छिन्न्या काकांकडे आहेत. मधलीची मूठ झिजून अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बसवून बघितला, मोठा होतो. काकांचा बसतो.

फरशी परत लावून झाली. लोखंडी पाइपाचा तुकडा बदलला, शिशाचा सांधा आहे तसा ठेवला.